गाठ मनगटावर, मुंग्या करंगळीत

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. उजव्या मनगटाच्या मागच्या बाजूला, बरोबर मधोमध, दोन वर्षांपासून अंगठ्याच्या नखाएवढी गाठ आहे. कधी फुगते, कधी बसते. एरवी दुखत नाही, पण जमिनीवर तळवा टेकवून उठताना कळ येते. गेल्या सहा-सात आठवड्यांपासून त्याच हाताच्या करंगळीत आणि अनामिकेत मुंग्या येतात. पहाटे तर त्यानेच जाग येते. अलीकडे कुलपात किल्ली फिरवताना किंवा कपड्याचा चिमटा दाबताना जोर कमी पडतोय असं वाटतं. माझं काम दिवसभर संगणकावरचं आहे. एका डॉक्टरांनी सुई टाकून पाणी काढू असं सांगितलं, दुसऱ्यांनी शस्त्रक्रियेची तारीखच दिली, आणि घरातले मोठे म्हणतात की जाड पुस्तक जोरात मार, फुटून जाईल. गाठ काढली की मुंग्या थांबतील ना? ही गाठ कॅन्सरची तर नसेल? आणि नस दबली असेल तर किती दिवस थांबलेलं चालतं?

उत्तर : पुस्तक आधी कपाटात ठेवा. शस्त्रक्रियेच्या तारखेबद्दलही थोडं थांबा, कारण तुम्हाला मिळालेले तिन्ही सल्ले गाठीबद्दलचे आहेत. मुंग्यांचा विचार कुणीच केलेला दिसत नाही, आणि मला तुमच्या पत्रात जास्त महत्त्वाचं तेच वाटतं.

तुम्ही सांगता त्या जागची, लहानमोठी होणारी, दोन वर्षं तशीच राहिलेली गाठ बहुतेक गँगलियन, म्हणजे सांध्याशी जोडलेली द्रवाची पिशवी, असते. हातावर येणाऱ्या साध्या गाठींमध्ये हीच सर्वांत जास्त दिसते, पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक, आणि वय बहुधा २० ते ४०. पण मनगटाच्या मागच्या मधोमध असलेल्या गँगलियनमुळे करंगळीत मुंग्या येत नाहीत. करंगळीची नस त्या बाजूने जातच नाही. तेव्हा 'गाठ काढली की मुंग्या थांबतील ना' या प्रश्नाचं उत्तर : बहुतेक नाही. गाठ डोळ्यांना दिसते म्हणून सगळा आळ तिच्यावर येतो. उद्या ती काढली, हाताला टाके पडले, आणि महिन्याभराने पहाटे पुन्हा त्याच मुंग्यांनी जाग आली, तर मधला महिना नसेच्या दृष्टीने फुकट गेलेला असेल.

गाठीमुळे होणारा त्रास कोणता, तेही सांगते. त्या जागी एक बारीक नस मनगटाच्या सांध्यात येऊन संपते. ती कातडीला संवेदना देत नाही, फक्त सांध्याची वेदना मेंदूला कळवते. गाठ तिच्यावर दाब देते तेव्हा तळवा टेकवून उठताना किंवा जोर काढताना कळ येते. तुम्ही लिहिलेली कळ हीच. कधीकधी गाठ इतकी लहान असते की बाहेरून दिसत नाही, पण हीच कळ मात्र भरपूर देते. अशा माणसाला वर्षभर 'काही नाही, मनगट मुरगळलं असेल' असंच ऐकावं लागतं आणि शेवटी सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये काही मिलिमीटरची गाठ सापडते. गाठीचा आकार आणि तिचा त्रास यांचं गणित जुळतंच असं नाही.

आता मुंग्यांकडे येऊ. हाताला संवेदना देणाऱ्या मुख्य नसा तीन, आणि प्रत्येकीचा इलाखा ठरलेला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू ही एका नसेकडे, मीडियन नर्व्हकडे. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू अल्नर नर्व्हकडे. अंगठ्याच्या मागची आणि त्याच्या शेजारची हाताची पाठ तिसरीकडे, रेडियल नर्व्हकडे. मनगटावरची नस दबल्यामुळे रात्री हात झटकत उठावं लागणारे लोक तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या मुंग्या बहुतेक वेळा पहिल्या तीन बोटांत असतात. तो कार्पल टनेलचा आजार. तुमची बोटं त्यात बसत नाहीत. तुमची बोटं अल्नर नर्व्हची आहेत, आणि किल्ली फिरवण्याचा, चिमटा दाबण्याचा जोरही याच नसेवर चालणाऱ्या स्नायूंचा असतो. दोन्ही तक्रारी एकाच नसेकडे बोट दाखवतात.

ही नस मानेतून निघते, दंडाच्या आतल्या बाजूने खाली येते, कोपराच्या आतल्या हाडामागून वळते आणि करंगळीच्या बाजूने मनगटात शिरते. कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती हीच. वाटेत ती दोन ठिकाणी अडकते. पहिलं ठिकाण कोपर, आणि ते फार सामान्य आहे. दुसरं मनगटाचा तळव्याकडचा, करंगळीच्या बाजूचा अरुंद बोगदा, ज्याला गुयॉनचा बोगदा म्हणतात. तिथे नस दबणं विरळ आहे. पण जेव्हा तिथे दबते आणि मार लागलेला नसतो, तेव्हा कारण म्हणून सर्वांत आधी नाव घ्यावं लागतं ते गँगलियनचंच. म्हणजे गँगलियन पूर्ण निर्दोष आहे असंही नाही. पण तुम्हाला दिसतंय ते नव्हे, खोलवर लपलेलं दुसरंच एखादं. तुमच्या बाबतीत मला कोपराची शंका जास्त येते. तरी बोगद्याचा प्रश्न सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या दोन जागा वेगळ्या करायला एक साधी खूण आहे आणि ती तुम्ही आत्ता घरी बसून पाहू शकता. अल्नर नर्व्हची एक शाखा मनगटाच्या बरीच वर, साधारण ५ ते ८ सेंटिमीटर अलीकडेच फुटते आणि हाताच्या पाठीवर, करंगळीच्या बाजूला जाते. ती गुयॉनच्या बोगद्यात शिरतच नाही. डोळे मिटा आणि कुणाला तरी कापसाचा बोळा करंगळीच्या बाजूच्या हाताच्या पाठीवर, मग तळव्याच्या बाजूने करंगळीवर हलकेच फिरवायला सांगा. दुसऱ्या हाताशी तुलना करा. दोन्ही ठिकाणी स्पर्श बोथट लागत असेल तर अडथळा मनगटाच्या वर, बहुधा कोपरात. पाठीवर अगदी स्वच्छ कळतं आणि तळव्याकडून करंगळी बोथट, असं असेल तर मनगटातल्या बोगद्याकडे पाहायला हवं. आणि बोथटपणा हाताच्या वर, कोपरापर्यंतच्या आतल्या बाजूवर पसरलेला असेल, तर ही नसच नाही. मग मानेतल्या नसेच्या मुळाचा विचार करायचा. अनामिका नीट तपासा. अल्नर नर्व्हच्या आजारात तिची करंगळीकडची अर्धी बाजू बधिर आणि दुसरी अर्धी ठीक, असा सरळ उभा विभाग बऱ्याचदा मिळतो. मानेतल्या आजारात असा विभाग सहसा मिळत नाही.

गुयॉनच्या बोगद्यातली गाठ कधीकधी फक्त स्नायूंकडे जाणारी खोल शाखा दाबते. तेव्हा एकही मुंगी येत नाही, बधिरपणा नाही, दुखत नाही. फक्त हाताची ताकद जाते आणि अंगठा व तर्जनीमधला मांसल भाग हळूहळू खोल जातो. वेदना नाही म्हणून माणूस घरीच बसतो, आणि येतो तेव्हा स्नायू बराच वाळलेला असतो. म्हणून मुंग्या येतायत हे तुमच्या दृष्टीने वाईट लक्षण नाही. तुम्ही वेळेत तक्रार करताय ती मुंग्यांमुळेच.

ताकदीची एक परीक्षा घरी करण्याजोगी आहे. दोन्ही हातांत एकेक कागद अंगठा आणि तर्जनीच्या बाजूमध्ये, किल्ली धरतो तसा, घट्ट धरा आणि कुणाला तरी तो ओढायला सांगा. निरोगी हाताचा अंगठा सपाट राहतो. अल्नर नर्व्ह कमजोर असेल तर अंगठ्याचं टोकाचं पेर वाकतं, कारण गेलेल्या स्नायूचं काम दुसऱ्या नसेवरचा स्नायू उसनं घेतो. डॉक्टरांकडे गेलात की तेही तुमच्या हातात कागद देतील. दुसरी खूण : बोटं सरळ जुळवून ठेवल्यावर करंगळी आपोआप बाजूला सरकून राहते का, ते पाहा. आणि अंगठा-तर्जनीमधला मांसल भाग दोन्ही हातांचा शेजारी शेजारी ठेवून पाहा. उजव्या हाताने जास्त काम करणाऱ्या माणसाचा उजवा भाग जरा भरलेला असतो. तो उलट सपाट दिसत असेल तर या पत्राचं उत्तर वाचणं इथेच थांबवा आणि आठवड्याच्या आत हाताच्या सर्जनला दाखवा.

पहाटे मुंग्यांनी जाग येते, असं लिहिलंत म्हणून कोपराची शंका बळावते. झोपेत आपण कोपर घट्ट दुमडून, हात गालाखाली किंवा उशीखाली घेऊन पडतो. कोपर दुमडलं की या नसेला ताण बसतो आणि तिच्याभोवतालची जागा आक्रसते. दिवसा टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसणं, फोन कानाला धरून अर्धा तास बोलणं, हे सगळं त्यातच भर घालतं. संगणकाच्या टायपिंगपेक्षा मला ते टेबलावर टेकलेलं कोपर जास्त दोषी वाटतं.

आता कोणत्या तपासण्या करून घ्यायच्या. गाठीसाठी सोनोग्राफी पुरेशी आहे. त्यात गाठ द्रवाची आहे की घन, तिचा देठ कोणत्या सांध्यापर्यंत जातो, शेजारून रक्तवाहिनी जाते का, हे दिसतं. अंधारात गाठीला बारीक टॉर्च लावल्यावर ती आतून उजळली तर द्रवाची असण्याची शक्यता जास्त, हा जुना उपाय अजून चांगला आहे, पण तो शेवटचा निर्णय नव्हे. सोनोग्राफी करायची तर एकदाच तिन्ही ठिकाणी करून घ्या : मागची गाठ, मनगटाचा तळव्याकडचा बोगदा आणि कोपर. डॉक्टरांना तसं चिठ्ठीत लिहायला सांगा. नाहीतर प्रोब, म्हणजे कातडीवर फिरवायचं सोनोग्राफीचं टोक, फक्त गाठीवर फिरून परत येतो. कोपरावर सोनोग्राफी करताना हात दुमडत-सरळ करत पाहिलं तर नस हाडावरून सटकते का हेही कळतं, आणि उपचार ठरवताना ती माहिती लागते.

नसेची तपासणी म्हणजे एनसीव्ही, आणि जोडीला सुईने स्नायू तपासायची ईएमजी. एनसीव्हीमध्ये नसेतून विजेचा हलका झटका किती वेगाने जातो ते मोजतात. कोपराच्या टप्प्यात हा वेग सेकंदाला ५० मीटरच्या खाली गेला, किंवा कोपराखालच्या टप्प्यापेक्षा १० मीटरहून जास्त कमी भरला, तर अडथळा कोपरात आहे असं मानतात. दोन गोष्टी सांभाळा. हात गार असेल तर वेग खोटा कमी दिसतो, तेव्हा तपासणीआधी हात उबदार करून घेतला का, हे विचारायला लाजू नका. आणि अहवाल नॉर्मल आला म्हणून नस ठणठणीत, असं मानू नका. सुरुवातीच्या, अधूनमधून दबणाऱ्या नसेत एनसीव्ही नॉर्मल येऊ शकते. ईएमजीत स्नायूची नस तुटल्याच्या खुणा उमटायला दोन-तीन आठवडे लागतात. तुम्हाला सहा-सात आठवडे झालेत, म्हणजे वेळ योग्य आहे. एमआरआय लगेच नको. नसेची तपासणी 'मनगट' म्हणाली आणि सोनोग्राफीत काही सापडलं नाही, तर मात्र तो करावा लागेल. रक्तातली साखर, थायरॉईड आणि बी-१२ सोबत पाहून घ्या. त्या कारणांनी नसा आधीच नाजूक असतील तर थोडा दाबही जास्त बाधतो.

उपचाराचा रस्ता जागेवरून ठरतो.

कोपरात दबत असेल आणि ताकद अजून बरी असेल, तर आधी सवयी बदलायच्या. रात्री कोपरावर मऊ टॉवेल सैलसर गुंडाळा, म्हणजे कोपर पूर्ण दुमडणार नाही. किंवा कोपर थोडंसंच वाकेल असा तयार पट्टा मिळतो. पट्टा आवळून बांधला तर उलटंच होईल. दिवसा टेबलाच्या कडेला कोपर टेकवायचं नाही, फोन कानातल्या इअरफोनवर, खुर्चीच्या हातावर मऊ पट्टी. हे ६ ते १२ आठवडे इमानाने करायला हवं. आठ दिवस करून 'काही फरक नाही' म्हणणं बरोबर नाही. सौम्य आजार बऱ्याचदा एवढ्यावरच शांत होतो. यात वेदनाशामक गोळ्यांचं काम फार थोडं आहे. बी-१२ कमी नसताना नुसत्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाऊन दाब हटत नाही. तेवढा वेळ मात्र निघून जातो.

ताकद कमी होत असेल, बधिरपणा सतत राहत असेल, किंवा तीन महिन्यांत सुधारणा नसेल, तर कोपरावर शस्त्रक्रिया लागते. नसेवरचा ऊतींचा पट्टा मोकळा करायचा, किंवा नस उचलून हाडाच्या पुढे आणून ठेवायची, असे दोन मुख्य प्रकार आहेत. साध्या रुग्णांत दोन्हींचे निकाल सारखेच आढळले आहेत, आणि म्हणून मी लहान शस्त्रक्रियेकडे झुकते. नस सटकत असेल, किंवा आधी एकदा शस्त्रक्रिया झालेली असेल, तर गोष्ट वेगळी.

गुयॉनच्या बोगद्यात गाठ सापडली तर घरगुती उपायांची मुदत जवळपास नसतेच, विशेषतः ताकद जात असेल तर. तिथे अंदाजाने सुई टाकू देऊ नका. नसेला चिकटूनच अल्नर धमनी जाते, आणि काही वेळा गाठ वाटणारी वस्तू म्हणजे फुगलेली धमनीच निघते. गाठ देठासकट काढून बोगदा मोकळा करणं हा खात्रीचा मार्ग, आणि तो हाताच्या सर्जननेच करावा.

किती दिवस थांबलेलं चालतं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसेचं किती बिघडलंय त्यावर आहे. नसेचं नुसतं आवरण दाबलं गेलं असेल तर दाब हटल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ती भरून येते. आतला धागाच तुटला असेल तर तो दाबाच्या जागेपासून पुढे नव्याने वाढतो, आणि वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. कोपरापासून हाताच्या स्नायूपर्यंतचं अंतर ३० सेंटिमीटरच्या आसपास धरा, म्हणजे दहा महिने. दुसरीकडे, नसेविना राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षानंतर नवा धागा पोचला तरी फारसा साथ देत नाही. म्हणून मुंग्या येत-जात असताना तुमच्याकडे महिन्यांची सवलत आहे. ताकद जायला लागली की ती आठवड्यांवर येते. किल्लीचा जोर कमी पडतोय असं तुम्ही लिहिलंत, त्यामुळे सोनोग्राफी आणि एनसीव्ही पुढच्या दोन आठवड्यांत करून घ्या असं म्हणेन. घाबरून आज रात्री पळायची गरज नाही.

दोन्ही हात एकदम बधिर होऊ लागले, चालताना तोल जाऊ लागला, किंवा बटण लावणंच जमेनासं झालं, तर तो मानेतल्या मज्जारज्जूचा इशारा असू शकतो. तेव्हा मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

आता गाठीचा हिशेब. गँगलियन म्हणजे सांध्याच्या आवरणातून किंवा स्नायुबंधाच्या खोळीतून बाहेर आलेली पिशवी. आत पाणी नसतं, घट्ट, पारदर्शक, जेलीसारखा द्रव असतो. सांध्यातल्या वंगणाशी त्याचं नातं आहे, पण तो त्याहून बराच दाट. तुमच्या जागची गाठ बहुतेक वेळा मनगटातल्या दोन लहान हाडांना बांधणाऱ्या अस्थिबंधापासून देठाने लटकलेली असते. या देठात सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखी एकतर्फी वाट असावी असं मानतात. हाताचं काम वाढलं की द्रव आत ढकलला जातो, परत सहज येत नाही. गाठ कधी मोठी, कधी लहान का होते, याचा उलगडा यातूनच होतो.

सुई टाकून द्रव काढला की पिशवी रिकामी होते, देठ तिथेच राहतो. म्हणून निम्म्याहून अधिक गाठी परत भरतात. २००७ साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मनगटामागच्या गाठी असलेल्या लोकांची सहा वर्षांनी पाहणी केली. सुईनंतर ५८ टक्के गाठी परत आल्या होत्या, शस्त्रक्रियेनंतर ३९ टक्के, आणि ज्यांना नुसता धीर देऊन घरी पाठवलं होतं त्यांच्यातल्याही बऱ्याच गाठी आपोआप गेल्या होत्या. शस्त्रक्रिया केलेले लोक समाधानी जास्त होते, पण दुखणं आणि ताकद या बाबतीत तिन्ही गटांत फार फरक नव्हता. इतर ठिकाणचे शस्त्रक्रियेचे आकडे याहून चांगले आहेत, साधारण पाचातली एक गाठ परत येते असे. करणारा हात आणि देठ कितपत निघाला, यावर बरंच अवलंबून. तरीही दुखत नसलेल्या गाठीला हात लावण्याची घाई का करू नये, हे या आकड्यांवरून कळावं.

सुईचा एक उपयोग मात्र मला मान्य आहे : आत जेली निघाली की गाठ कसली याची खात्री पटते, आणि ज्याला कॅन्सरच्या भीतीने झोप लागत नाही त्याला ती लागते. सोबत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याने गाठ परत यायचं प्रमाण कमी होतं असं दिसलेलं नाही. उलट त्या जागी कातडी पांढरट आणि पातळ पडू शकते. नको म्हणून सांगा.

पुस्तकाचा फटका गाठ फोडतो हे खरं आहे. पण देठ तसाच राहतो, गाठ परत येते, आणि मधल्यामध्ये मनगटातलं हाड किंवा स्नायुबंध दुखावतो. घरी सुई टोचणं त्याहून वाईट. ही पिशवी सांध्याशी जोडलेली आहे, तिच्यात गेलेला जंतू सांध्यात जातो. गाठीवर नाणं बांधून ठेवण्याच्या घरगुती उपायाबद्दल वेगळं लिहीत नाही.

शस्त्रक्रिया केव्हा? कळ रोजच्या कामात आडवी येत असेल, किंवा गाठीचं दिसणंच तुम्हाला सहन होत नसेल, तर. दिसण्याचं कारण क्षुल्लक असं मी मानत नाही. हात झाकून ठेवता येत नाही. हाताला भूल देऊन, दंडाला पट्टा बांधून, गाठ देठासकट आणि सांध्याच्या आवरणाचा छोटा तुकडा घेऊन काढतात. दुर्बिणीतूनही करतात. घरी त्याच दिवशी जाता येतं. संगणकाचं काम आठवड्या-दोन आठवड्यांत, जड काम सहा आठवड्यांनी. होकार देण्याआधी सर्जनला तीन गोष्टी विचारा : देठ कुठपर्यंत काढणार, खालचा अस्थिबंध कसा सांभाळणार, आणि व्रणाशेजारी बधिर ठिपका राहण्याची किंवा मनगट पूर्ण न वाकण्याची शक्यता किती. जो सर्जन 'काहीच होणार नाही' म्हणतो, त्याला मी दुसऱ्यांदा विचारीन.

तोपर्यंत कळ आलेल्या दिवसांत मनगटाचा साधा पट्टा लावा. उठताना तळवा न टेकवता मुठीवर भार घ्या, म्हणजे मनगट सरळ राहतं. पट्टा महिनोन्‌महिने लावून ठेवू नका, स्नायू सुस्तावतात.

कॅन्सरबद्दल : गँगलियनचा कॅन्सर होत नाही. दोन वर्षं लहानमोठी होत राहिलेली गाठ तर सहसा काळजीची नसतेच, कारण घन गाठी वाढतात, बसत नाहीत. काळजी करायची ती झपाट्याने वाढणाऱ्या, टणक, खालच्या भागाला चिकटलेल्या, ५ सेंटिमीटरहून मोठ्या किंवा रात्री ठणकणाऱ्या गाठीची. तसं काही असेल तर सुई किंवा चाकू लावण्याआधी एमआरआय हवा. सगळीच गाठ गँगलियन नसते, हेही खरं. मनगटाच्या मागे, पण जरा बोटांकडे, हाडासारखा कडक उंचवटा असेल तर तो हाडाचाच असतो. संधिवातात किंवा क्षयात स्नायुबंधाची खोळ सुजते, ती बोटं हलवली की सरकताना दिसते. आणि दाबल्यावर बोटापर्यंत करंट जाणारी गाठ नसेचीच असू शकते. तिला गँगलियन समजून कुणी कापायला घेऊ नये.

हा प्रकार फक्त हाताचा नाही, एवढं जाता जाता सांगते, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, नडगीच्या शेजारच्या बारीक हाडाच्या डोक्याजवळ अशीच गाठ नसेत शिरते आणि पाऊल वर उचलेनासं होतं. माणूस पाठीच्या मणक्याचे एमआरआय काढत फिरतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट स्पिनर यांनी २००३ पासून दाखवून दिलं की इथे द्रव शेजारच्या सांध्यातून, सांध्याकडे जाणाऱ्या नसेच्या बारीक शाखेच्या आतून चढतो. ती शाखा बांधली नाही तर गाठ परत भरते. खांद्यातही असंच. सांध्याच्या कडेच्या फाटलेल्या कुर्चेशेजारी (मऊ, लवचीक हाडाशेजारी) गाठ होते, तिने नस दबते, मागचा स्नायू वाळतो, हात बाहेर वळवायची ताकद जाते, आणि उपचार मात्र 'खांदा आखडला' म्हणून चालू असतो.

तर तुमच्यासाठी क्रम असा. आज कापसाची आणि कागदाची परीक्षा करा, जे आढळलं ते तारखेसकट लिहून ठेवा. आज रात्रीपासून कोपराला टॉवेल. शस्त्रक्रियेची मिळालेली तारीख फोन करून पुढे ढकला, रद्द करायची गरज नाही. हाताच्या सर्जनला दाखवा. ते जवळ नसतील तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्ट चालतील. आत गेल्यावर पहिलं वाक्य 'मला गाठ आहे' असं म्हणू नका. 'करंगळीत मुंग्या येतात आणि किल्ली फिरवायला जोर येत नाही' इथून सुरुवात करा. गाठ त्यांना आपोआप दिसेलच.